शनिवारची शाळा आणि पोलिसांची यादी

लंडनला जाणारा आंबेडकरी माणूस १०, किंग हेन्रीज रोड या घराला भेट दिल्याशिवाय परत येत नाही. १९२१-२२ च्या काळात विद्यार्थी भीमराव आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेतले. आपण तिथे नतमस्तक होतो, फोटो काढतो, डोळे भरून येतात. ते योग्यच आहे. परंतु त्याच शहरात आणखी काही पत्ते आहेत आणि तिकडे आपली पावले सहसा वळत नाहीत. न्यू क्रॉस रोडवरचे ४३९ नंबरचे घर, ब्रिक्स्टनचे रस्ते, एल्थममधला एक बसथांबा, हॅकनीमधली एक शाळा. या ठिकाणी काळ्या मुलामुलींचे काय झाले, आणि त्यांच्या आईबापांनी व कार्यकर्त्यांनी त्यावर काय केले, हा इतिहास आंबेडकरी चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे.

काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. मात्र ब्रिटनमधल्या काळ्यांची लढाई आपल्याकडे फारशी पोहोचली नाही. तिथे ही लढाई मोठ्या प्रमाणावर शाळेत, यूथ क्लबात आणि पोलीस ठाण्याच्या दारात लढली गेली, म्हणजे मुलांच्या भोवती लढली गेली. म्हणूनच ती आपल्या जास्त उपयोगाची आहे. त्या लढाईतून निघणारा धडा आधीच सांगून टाकतो. तरुणांना आधार देणे आणि त्यांच्यावर होणाऱ्या वर्णद्वेषाशी दोन हात करणे हे एकच काम आहे. जो कार्यकर्ता पहिले करतो आणि दुसरे टाळतो, तो कितीही प्रेमळ असला तरी शेवटी व्यवस्थेचा मुकादम बनतो.

आधी ‘यूथ वर्क’ म्हणजे काय ते पाहू. ब्रिटनमध्ये तरुणांसाठी काम करणे हा एक रीतसर पेशा आहे. १९६० साली अल्बमार्ल समितीचा अहवाल आला, सरकारने पैसा सोडला आणि गावोगावी यूथ क्लब उभे राहिले. शिकवलेले, पगारी कार्यकर्ते नेमले गेले. शाळेत मुलाला जावेच लागते. क्लबात तो आपल्या मर्जीने येतो. तिथे टेबल टेनिस असते, गाणी असतात, आणि ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येईल असे एक मोठे माणूस असते. शिक्षक मार्क देतो, पोलीस दम देतो. यूथ वर्करकडे यांपैकी काहीच नसते. त्याच्याकडे असतो फक्त विश्वास. तो गेला की त्याच्या हातात काही उरत नाही.

या क्लबांच्या दारात कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुले उभी राहिली तेव्हा व्यवस्थेची परीक्षा झाली. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज टिलबरी बंदराला लागले. त्यानंतर हजारो काळे कामगार ब्रिटनमध्ये आले. महायुद्धाने मोडलेल्या त्या देशाच्या बसगाड्या त्यांनी चालवल्या, इस्पितळांत रुग्णसेवा केली. त्यांची मुले मोठी होऊ लागली तेव्हा ‘यांचे काय करायचे’ हा प्रश्न सरकारला पडला. १९६७ साली हंट समितीने ‘स्थलांतरित आणि युवा सेवा’ या विषयावर अहवाल दिला. या मुलांना गोऱ्यांच्या क्लबात मिसळवून घ्यावे, असा एकूण सूर होता. वरवर पाहता त्यात वाईट काय? परंतु क्लबाच्या दारात काळ्या मुलाला काय ऐकावे लागते, गोरी मुले त्याच्याशी कशी वागतात, हा प्रश्न मागेच राहिला. मुलाने बदलावे, मुलाने जुळवून घ्यावे, मुलाने मिसळावे! दोष मुलात शोधायचा आणि औषधही त्यालाच पाजायचे, ही रीत आपल्या वाचकांना नवी नाही.

शाळांमध्ये तर याहून भयंकर प्रकार चालू होता. त्या काळी ब्रिटनमध्ये मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. कायद्याच्या भाषेत या मुलांना ‘शैक्षणिकदृष्ट्या अवसामान्य’ म्हणत. लंडनच्या शिक्षण खात्याच्याच १९६७ च्या अहवालात दिसून आले की साध्या शाळांत स्थलांतरितांची मुले १५ टक्के होती, तर या वेगळ्या शाळांत २८ टक्के! त्यांतली बहुसंख्य मुले कॅरिबियन कुटुंबांतली होती. बेटांवरची इंग्रजी बोलणारे, नव्या देशात बावरलेले, गोऱ्या परीक्षकासमोर गप्प बसलेले मूल ‘मंद’ ठरत होते. आईबापांना वाटे की मुलाला ‘स्पेशल’ शाळा मिळाली म्हणजे चांगलेच झाले. त्यांना कोणी खरे सांगितले नाही.

खरे सांगणारा माणूस शेवटी यूथ क्लबातून आणि त्याच शाळांतून आला. ग्रेनाडा बेटावरचे बर्नार्ड कोआर्ड लंडनमध्ये या वेगळ्या शाळांत शिकवत होते आणि यूथ क्लबही चालवत होते. १९७१ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. ब्रिटिश शाळा काळ्या मुलाला मंद कशी ‘बनवते’, हे त्यांनी आकड्यांसह मांडले. पुढे ग्रेनाडाच्या राजकारणात कोआर्ड यांचे नाव वेगळ्या आणि रक्तरंजित कारणाने गाजले, ते झाकण्याचे कारण नाही. परंतु या पुस्तिकेचे मोल त्यामुळे कमी होत नाही. जॉन ला रोझ आणि सारा व्हाइट यांच्या ‘न्यू बीकन बुक्स’ या प्रकाशनाने ती छापली. ती काळ्या आईबापांच्या हाती पडली आणि घराघरांत एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : माझे मूल कोणत्या शाळेत आहे, आणि का?

त्या आईबापांनी नुसती निवेदने दिली नाहीत. त्यांनी शनिवारच्या शाळा काढल्या. जॉन ला रोझ यांनी १९६९ साली आपल्या घरातच जॉर्ज पॅडमोर यांच्या नावाने अशी शाळा सुरू केली होती. त्यानंतर ठिकठिकाणी घरात, चर्चच्या तळघरात, भाड्याच्या खोलीत शनिवारी मुले जमू लागली. आठवडाभर बस चालवणारा बाप, रात्रपाळी करून आलेली परिचारिका, कॉलेजात शिकणारा तरुण हे शिक्षक झाले. गणित आणि इंग्रजी तर होतेच; त्याबरोबर आफ्रिकेचा इतिहास होता, गुलामगिरीविरुद्धच्या बंडांचा इतिहास होता. सोमवार ते शुक्रवार ‘तू मंद आहेस’ असे ऐकणाऱ्या मुलाला शनिवारी कळत होते की त्याचे पूर्वज लढवय्ये होते. आता कोणी म्हणेल, हा तर शिकवणी वर्ग झाला. नाही. शिकवणीत मुलाला व्यवस्थेच्या परीक्षेसाठी तयार करतात. शनिवारच्या शाळेत मूल तयार होत होते आणि त्याच वेळी त्याचे पालक त्या व्यवस्थेला जाब विचारायला शिकत होते.

शाळेच्या बाहेर पोलीस उभे होते. १८२४ सालचा भटक्यांविरुद्धचा एक कायदा दीडशे वर्षांनंतर काळ्या पोरांवर वापरला जात होता. ‘संशयित’ या अर्थाने लोक त्याला ‘सस’ म्हणत. रस्त्यावर एखादा मुलगा गुन्हा करण्याच्या इराद्याने फिरत होता एवढे दोन पोलिसांनी सांगितले की तो दोषी! चोरी नको, मुद्देमाल नको, तिसरा साक्षीदार नको. याच ब्रिटिश राज्याने १८७१ साली आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा आणून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तेव्हा ही जात्याच संशय घेण्याची विद्या कुठून आली, ते वेगळे सांगायला नको.

या ‘सस’ कायद्याविरुद्ध उठल्या त्या काळ्या माता. दक्षिण लंडनमधल्या मेव्हिस बेस्ट यांच्यासारख्या स्त्रिया पोलीस ठाण्यात जाऊन मुलांना सोडवून आणत. १९७५ साली एका शाळकरी मुलाला पोलिसांनी शाळेबाहेर पकडले, त्यातून ब्लॅक पेरेंट्स मूव्हमेंट उभी राहिली आणि तिच्या बरोबरीने विद्यार्थ्यांची व तरुणांची संघटना उभी राहिली. पालक एकीकडे आणि पोरे दुसरीकडे अशी फारकत त्यांनी होऊ दिली नाही. सतत दबाव आणून १९८१ साली ‘सस’ची ती तरतूद रद्द करायला त्यांनी भाग पाडले. त्या आयांकडे समाजकार्याची पदवी नव्हती. पण यूथ वर्कचा पहिला धडा त्यांना पाठ होता : पोर ठाण्यात असेल तर आपण ठाण्यात असले पाहिजे.

१९८१ हे वर्ष ब्रिटनमधल्या काळ्या तरुणांच्या इतिहासात रक्ताने लिहिले गेले आहे. १८ जानेवारीच्या पहाटे न्यू क्रॉस रोडवरच्या त्या घरात वाढदिवसाची पार्टी चालू असताना आग लागली. तेरा काळ्या मुलामुलींचा मृत्यू झाला. देशाच्या पंतप्रधानांकडून आईबापांना सांत्वनाचा शब्द आला नाही. चौकशीत पोलिसांचा रोख पार्टीला आलेल्या मुलांवरच राहिला. तेव्हा ‘तेरा मेले, कोणी काही बोलले नाही’ ही घोषणा घेऊन २ मार्चला सुमारे वीस हजार लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले. तो सोमवार होता, कामाचा दिवस. लोक खाडा करून आले, पोरे शाळा सोडून आली. आग कशी लागली याचा निर्णय १९८१ मध्ये झाला नाही आणि २००४ मधल्या दुसऱ्या चौकशीतही झाला नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन भागात साध्या वेशातल्या पोलिसांनी ‘स्वॉम्प ८१’ नावाची मोहीम काढली. काही दिवसांत ९४३ जणांना अडवून झडती घेतली. त्यांतले निम्म्याहून अधिक काळे होते आणि दोन तृतीयांश एकवीस वर्षांच्या आतले होते. पाठोपाठ ब्रिक्स्टन पेटले. चौकशीसाठी लॉर्ड स्कारमन यांना नेमले गेले. त्यांनी बेकारी, घरांची दुर्दशा, पोलिसांच्या चुका मान्य केल्या. पण ब्रिटन हा संस्थात्मक वर्णद्वेषाचा देश आहे हे काही मान्य केले नाही.

यानंतर मात्र पैसा आला! काळ्या वस्त्यांत नवे क्लब, नवे प्रकल्प, नवे कार्यकर्ते. परंतु तो का आला हे ओळखा. मूल मंद ठरवले जात होते तेव्हा आला नाही, तेरा मुले जळाली तेव्हा आला नाही. काचा फुटल्या तेव्हा आला. पोरांना रस्त्यावरून उचलून क्लबात बसवा, म्हणजे दंगल होणार नाही, हा हिशेब होता. मँचेस्टरच्या मॉस साइड भागात तरुणांमध्ये काम केलेले गस जॉन यांनी त्याच १९८१ साली इंग्लंडमधल्या शहरांतल्या अशा युवाकार्याची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. पुढे ते हॅकनीचे शिक्षण संचालक झाले. ब्रिटनमध्ये या पदावर बसणारे ते पहिले काळे गृहस्थ. प्रश्न तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे : हे काम नेमके कोणाच्या सेवेसाठी आहे? तरुणांच्या, की तरुणांना भिणाऱ्यांच्या?

इथे आपल्या भारतीय वंशाच्या लोकांचाही एक धागा आहे. त्या काळात ‘ब्लॅक’ हा शब्द ब्रिटनमध्ये नुसत्या कातडीचा रंग सांगत नव्हता. गोऱ्यांच्या वर्णद्वेषाविरुद्ध एकत्र आलेल्या सर्वांचा तो झेंडा होता. ब्रॅडफर्ड शहरातल्या आशियाई तरुणांनी आपल्या संघटनेचे नावच ‘युनायटेड ब्लॅक यूथ लीग’ ठेवले होते. १९८१ च्या जुलैमध्ये वर्णद्वेषी टोळक्यांचा हल्ला होणार या भीतीने त्यांनी पेट्रोल बॉम्ब तयार केले. बारा जणांना अटक झाली. आम्ही आमच्या वस्तीचे रक्षण करत होतो, असे त्यांनी कोर्टात छातीठोकपणे सांगितले. बाहेर बचाव समिती राबत होती. १९८२ साली ज्यूरीने त्या बाराही जणांना निर्दोष सोडले. त्यांच्या कृतीबद्दल मतभेद असू शकतात. पण ‘तुम्हाला कोणी सांगितले होते हे करायला’ असे म्हणून त्यांच्या लोकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, हे महत्त्वाचे.

दुःखाची गोष्ट अशी की ती एकजूट पुढे टिकली नाही. आशियाई घरांत काळ्या मुलांबद्दलचा तिटकारा आहे. ‘त्या काळ्या पोरांच्या नादी लागू नकोस’ असे सांगणारी भारतीय घरे लंडनमध्येही आहेत. आणि याच घरांनी आपली जातही सामानाबरोबर विमानातून नेली. ब्रिटिश सरकारनेच करून घेतलेल्या पाहणीत २०१० साली तिथे जातिभेदाचे पुरावे आढळले. त्याविरुद्ध स्पष्ट कायदा करण्याची तयारी २०१३ मध्ये झाली आणि २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली. ज्याच्या मनात जात आहे तो काळ्याचा मित्र कसा होणार? इथेही २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली. आपल्या वस्तीतसुद्धा सावळ्या मुलीला ‘काळी’ म्हणून हिणवले जाते, आफ्रिकन माणूस दिसला की ‘हबशी’ हा शब्द येतो. पँथरचे नाव लावणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द शोभत नाही.

आता एल्थमच्या बसथांब्यावर येऊ. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा काळा विद्यार्थी मित्राबरोबर बसची वाट पाहत होता. त्याला वास्तुविशारद व्हायचे होते. गोऱ्या टोळक्याने त्याला भोसकले. त्याच्या मारेकऱ्यांपैकी दोघांना शिक्षा व्हायला २०१२ साल उजाडले. आई डोरीन आणि वडील नेव्हिल यांच्या जिद्दीमुळे चौकशी आयोग बसला आणि १९९९ साली मॅकफर्सन अहवालाने सांगून टाकले की लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष आहे. म्हणजे कोणी एखादा पोलीस वाईट आहे एवढ्यावर भागत नाही. सारी संस्थाच रंग पाहून माणसाला न्याय नाकारते.

हे सर्वांना ठाऊक असते. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो दुसरा मुलगा, ड्वेन ब्रुक्स. तोही अठरा वर्षांचाच. डोळ्यांदेखत मित्र मेला. त्या रात्री पोलिसांनी त्याला पीडित म्हणून वागवले नाही, संशयाने पाहिले. आयोगाने हे नोंदवले आहे. पुढे एका निदर्शनाच्या प्रकरणात त्याच्यावरच खटला भरला गेला आणि न्यायाधीशांना तो थांबवावा लागला. अशा मुलाला आधार देणे म्हणजे काय? त्याला नुसते समुपदेशकाकडे पाठवणे? तेही हवेच. पण त्याच्याबरोबर ठाण्यात बसणे, त्याचा जबाब नीट लिहिला जातो की नाही पाहणे, त्याच्यावरच्या खटल्यात उभे राहणे, हाही आधारच आहे. जखम ज्याने केली त्याचे नाव न घेता मलम लावता येत नाही.

मॅकफर्सननंतर कायदा सुधारला, प्रशिक्षणे झाली. पण २०१० पासून ब्रिटिश सरकारने खर्चकपात सुरू केली आणि पहिला घाव युवाकार्यावर पडला. इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांचा तरुणांवरचा खर्च महागाई धरून सत्तर टक्क्यांहून अधिक घटला. इंग्लंड व वेल्समध्ये हजारावर सरकारी यूथ सेंटर बंद पडली. क्लबला कुलूप लागले. पोलिसांची वही मात्र उघडीच राहिली.

ही वही म्हणजे ‘गँग्ज मॅट्रिक्स’. २०११ च्या दंगलींनंतर २०१२ साली लंडनच्या पोलिसांनी टोळ्यांशी संबंधित म्हणून तरुणांची एक यादी केली. २०१७ मध्ये तिच्यात ३,८०६ नावे होती आणि त्यांतली ७८ टक्के काळ्यांची होती. लंडनच्या लोकसंख्येत काळे जेमतेम १३ टक्के! कोणाशी मैत्री आहे, समाजमाध्यमावर कोणते गाणे टाकले, एवढ्यावरूनही नाव चढत होते. आपले नाव यादीत आहे हे मुलाला कळतही नव्हते. यादीतली माहिती शाळेपर्यंत, घर देणाऱ्या खात्यापर्यंत, रोजगार कार्यालयापर्यंत जात होती. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१८ साली हे उघड केले. माहितीच्या गोपनीयतेचा कायदा मोडला गेल्याचे सरकारी आयुक्तालयानेही त्याच वर्षी सांगितले. शेवटी २०२४ मध्ये ही यादी बंद करावी लागली.

अशा याद्या येतात तेव्हा यूथ वर्करची खरी कसोटी लागते. प्रकल्पाचा पैसा ‘टोळीविरोधी’ खात्यातून येतो. बैठकीला एका बाजूला पोलीस बसलेले असतात. ते विचारतात, ‘तुमच्याकडे कोण कोण येते? कोण कोणाबरोबर फिरते?’ सांगितले तर पोराचा विश्वास संपला. न सांगितले तर प्रकल्प संपला, पगार संपला. जिवाला धोका असेल तर बोललेच पाहिजे, यात वाद नाही. पण धोका टाळण्यासाठी बोलणे वेगळे आणि मुलांची हेरगिरी करणे वेगळे. ज्या दिवशी युवा कार्यकर्त्याची वही पोलिसांच्या यादीला जोडली जाते, त्या दिवशी तो कार्यकर्ता उरत नाही.

शेवटचा पत्ता हॅकनीच्या शाळेचा. डिसेंबर २०२० मध्ये पंधरा वर्षांची एक काळी मुलगी परीक्षेला बसली होती. शिक्षकांना तिच्याकडून गांजाचा वास येतो असे वाटले. त्यांनी पोलिसांना बोलावले. शाळेतल्याच खोलीत महिला पोलिसांनी तिला विवस्त्र करून झडती घेतली. तिची पाळी चालू होती. आईला कळवले नाही, जबाबदार असे कोणी मोठे माणूस आत नव्हते. शिक्षक बाहेर उभे होते. काहीही सापडले नाही! ‘चाइल्ड क्यू’ या नावाने ती ओळखली जाते. २०२२ च्या अहवालाने सांगितले की या कृतीमागे वर्णद्वेषाचा प्रभाव असण्याची शक्यता आहे. तिला मूल म्हणून पाहिलेच गेले नाही. २०२५ साली दोन पोलिसांना बडतर्फ करण्यात आले, मात्र तिथल्या शिस्तपालन मंडळाने वर्णद्वेष सिद्ध झाल्याचे मानले नाही. ही एकटीची गोष्ट नाही. २०१८ ते २०२० या काळात लंडनच्या पोलिसांनी ६५० मुलांची अशी विवस्त्र झडती घेतल्याचे बालहक्क आयुक्तांनी उघड केले. त्यातल्या मुलग्यांपैकी निम्म्याहून अधिक काळे होते. काळ्या मुलाला वयाआधीच मोठे ठरवायचे, त्याचे निरागसपण हिरावून घ्यायचे आणि मग मोठ्या माणसाची शिक्षा द्यायची, असा हा प्रकार आहे.

त्या शिक्षकांना कोणी दुष्ट म्हणणार नाही. ते नियम पाळत होते. हेच तर भयंकर आहे. दाराबाहेर उभे राहिलेल्या त्या मोठ्या माणसांपैकी एकाने जरी म्हटले असते, ‘थांबा, आधी तिच्या आईला येऊ द्या’, तर ते सारे टळले असते. वर्णद्वेषाशी लढणे म्हणजे नेहमी मोर्चाच असतो असे नाही. कधी कधी ते एका दारात आडवे उभे राहणे असते.

काही मित्र म्हणतील, लंडनमध्ये काळी पोरे एकमेकांना चाकूने मारतात त्याचे काय? त्यांना आधी सुधारायला नको काय? प्रश्न खरा आहे. त्या आयांचे हुंदके खरे आहेत. पोराच्या हातातला चाकू काढलाच पाहिजे. पण तो काढू शकतो कोण? ज्याच्यावर पोराचा विश्वास आहे तोच. क्लब बंद करून, मुलांना शाळेतून काढून टाकून, रस्त्यावर झडत्या घेऊन तो विश्वास येत नाही. आजही इंग्लंड-वेल्समध्ये काळ्या माणसाची रस्त्यावर झडती होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे चौपट आहे. जो कार्यकर्ता या अन्यायाबद्दल गप्प बसतो आणि फक्त ‘तू सुधार’ म्हणतो, त्याचे पोराने का ऐकावे?

आता आपल्याकडे वळू. जात आणि वर्ण यांत फरक आहेत, सरसकट तुलना करू नये. पण आपल्या पोरांना आपण काय सांगतो ते आठवा. कॉलेजात आडनाव विचारून टोमणा मारला, तर आपण म्हणतो, ‘दुर्लक्ष कर, अभ्यास कर, मोठा साहेब हो.’ रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये मुंबईत गेली. त्यांच्यासाठी आपण मोर्चे काढले. पण त्यांच्या जिवंतपणी, त्या एकट्या महिन्यांत, त्यांच्याबरोबर कार्यालयात जाऊन बसणारे चळवळीतले मोठे माणूस किती जणांना मिळते? राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांनाच २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. खैरलांजीनंतर २००६ मध्ये आणि कोरेगाव भीमानंतर २०१८ मध्ये अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. सभेत त्यांना ‘भीमाचे वाघ’ म्हणणारे नेते तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात किती दिसले, हे त्या पोरांनाच विचारा. नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी अडली म्हणजे वाघ एकटाच असतो.

आपला वारसा तर असा नव्हता. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. त्याच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या तळ्यावर सत्याग्रह केला. वसतिगृह आणि सत्याग्रह यांत त्यांनी फारकत केली नाही. एका हाताने पोरांच्या राहण्याची सोय आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा हक्क! आपण मात्र काम वाटून घेतले. सामाजिक संस्था शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून घेतात आणि अन्यायाबद्दल बोलत नाहीत, अनुदान जाईल म्हणून. राजकीय पक्ष अन्यायावर भाषणे करतात आणि पोराला जेवला का विचारत नाहीत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक समाजमंदिरात शनिवारची शाळा सुरू व्हावी. गणित-इंग्रजी शिकवावे, फुले-शाहू-आंबेडकर सांगावेत आणि त्याबरोबर मार्टिन ल्यूथर किंग आणि जॉन ला रोझही सांगावेत. पोरांना उपदेश थोडा करावा, त्यांचे ऐकून जास्त घ्यावे. शाळेत, वसतिगृहात, ठाण्यात मुलाबरोबर जाणारी दोन-तीन मोठी माणसे, त्यांत एक तरी बाई आणि शक्य तर एक वकील, प्रत्येक वस्तीने नेमून ठेवावीत. आणि एक वही करावी. कोणाची शाळा सुटली, कोणावर केस आहे, कोणाची तारीख कधी आहे, कोणी महिनाभर वस्तीत दिसले नाही, हे त्या वहीत लिहावे. ती वही कोणाही सरकारी माणसाच्या हाती देऊ नये.

पोलिसांच्या यादीत आपल्या पोरांची नावे आहेत. आपल्या वहीत ती आहेत का, एवढेच प्रत्येकाने आज रात्री स्वतःला विचारावे.

जयभीम!